जैसलमेर की बिकानेर : आमच्या नाताळच्या सुट्टीचा निर्णय

नाताळच्या सुट्टीत वाळवंट पाहायला जायचे, हे आमच्या घरी गेल्या वर्षी चतुर्थीच्या दिवसांतच ठरले होते. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. जूनपासून चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास आणि कपाटातल्या पुस्तकांवर पांढरी बुरशी, अशा दिवसांतून गेलेल्या माणसाला कोरड्या हवेची ओढ किती असते हे गोव्याबाहेरच्यांना सहज कळणार नाही. शिवाय डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडचे रस्ते बाहेरगावच्या गाड्यांनी भरून जातात आणि मुलीच्या शाळेला सुट्टीही तेव्हाच असते. त्यामुळे कधी जायचे हा प्रश्न नव्हता. कुठे जायचे हे ठरायला मात्र दीड महिना लागला.

शेवटी जैसलमेर आणि बिकानेर ही दोन नावे उरली. पणजीतल्या एका एजंटाने दोन्ही गावे चार रात्रींत दाखवण्याची योजना पुढे केली, पण या दोन गावांमध्ये रस्त्याने सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचे अंतर आहे. कोणत्या दिवशी किती तास गाडीत बसावे लागेल हे मी वहीत मांडून पाहिले, तेव्हा उजेडाचे निम्मे तास खिडकीतूनच जाणार असे दिसले. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. एकाच गावी राहायचे आणि ते नीट पाहायचे, एवढे आम्ही त्याच संध्याकाळी पक्के केले.

माझे स्वतःचे मत बिकानेरच्या बाजूने होते, आणि त्याला कारणे होती. कोकण रेल्वेने मडगावहून आठवड्यातून एकदा थेट बिकानेरला जाणारी गाडी आहे, म्हणजे वाटेत सामान आणि म्हातारे माणूस घेऊन गाडी बदलण्याचा त्रास नाही. राव जोधांचे पुत्र राव बिका यांनी १४८८ साली वसवलेल्या या शहरातला जुनागड किल्ला डोंगरावर नसून सपाट जमिनीवर उभा आहे, हा तर सासूबाईंच्या दृष्टीने फार मोठा गुण होता. राजा रायसिंग यांच्या काळात, १५८९ ते १५९४ या वर्षांत, तो बांधला गेला. त्यातल्या बादल महालाच्या भिंतींवर निळे ढग आणि पावसाच्या सरी रंगवलेल्या आहेत. त्याची छायाचित्रे मी रात्री उशिरापर्यंत पाहत बसले होते. आपण ज्या पावसाला कंटाळून घर सोडतो, तोच पाऊस कुणीतरी डोळ्यांसमोर राहावा म्हणून भिंतीवर रंगवून घेतला, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही. मुलीला उंट संशोधन केंद्र पाहायचे होते, यजमानांना मटकीच्या पिठाची खरी बिकानेरी भुजिया तिथेच बसून खायची होती. उंदरांचे मंदिर म्हणून ओळखले जाणारे देशनोकचे करणीमातेचे मंदिरही तिथून तीसच किलोमीटरवर, पण उंदरांच्या भीतीने मुलीने त्यावर आधीच फुली मारली होती.

जैसलमेरचे पारडे जड करणारी गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे डोळ्यांना दिसणारे वाळवंट. बिकानेरच्या आसपासही वाळूचे टेकाड आहेत, पण जैसलमेरजवळच्या सम आणि खुडी इथल्या टेकड्यांचा विस्तार वेगळाच. रावल जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर उभारलेला किल्ला, त्याचे नव्व्याण्णव बुरूज, आणि गावातल्या घरांपासून हवेल्यांपर्यंत सगळीकडे तोच पिवळा दगड. सूर्य कलला की सगळे गाव एका रंगाचे होते. चिऱ्यांच्या तांबड्या भिंती पाहत वाढलेल्या आम्हाला या पिवळ्याचे आकर्षण वाटले नसते तरच नवल.

या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे, आत घरे, दुकाने आणि राहण्याच्या जागाही आहेत. बुरुजाच्या खिडकीतून सूर्योदय पाहायला मिळेल या लोभाने मी ऑक्टोबरमध्येच आतल्या एका जागी आगाऊ रक्कम भरून खोली राखून ठेवली. नंतर किल्ल्याविषयी अधिक वाचताना जे कळले त्याने मला फार अस्वस्थ केले. पूर्वी किल्ल्यावर गडीसर तलावाचे पाणी घड्यांनी वाहून आणत, त्यामुळे ते जपून वापरले जाई. नळ आल्यावर आणि पाहुण्यांची वर्दळ वाढल्यावर पाण्याचा वापर कितीतरी वाढला, जुनी गटारे ते पेलू शकली नाहीत, आणि झिरपलेले पाणी टेकडीच्या ठिसूळ थरांत आणि मातीत मुरून भिंती व बुरूज खचू लागले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६ मध्येच हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला होता. २०१३ मध्ये तो राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा ठरला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी घर सोडावे असे मी कधीच म्हणणार नाही, पण चार दिवसांच्या पाहुण्यांनी तिथे बादल्या भरभरून आंघोळी कराव्यात हे मला पटेना. पाहुण्यांच्या गर्दीने गावच्या विहिरींवर आणि नाल्यांवर काय ताण येतो हे आम्ही गोव्यात रोज पाहतो. मी आतली खोली रद्द केली. अनेक फोन केल्यानंतर निम्मीच रक्कम परत मिळाली, त्याचे वाईट वाटले, पण किल्ल्याच्या पायथ्याशी, तटबंदी समोर दिसेल अशी साधी जागा मिळाली तेव्हा जिवाला बरे वाटले.

तरीही तोवर निर्णय झालेला नव्हताच, कारण बिकानेरचे पान वहीत तसेच होते. निर्णय केला तो सासूबाईंनी. त्यांचे माहेर मांडवीच्या काठचे. तिथल्या खाजन शेतीत नदीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचे बांध घालतात आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप, बसवलेली असते. भरतीच्या जोराने तिची दारे मिटतात, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर जाते. जैसलमेरविषयी मी जे मोठ्याने वाचून दाखवत होते त्यात खडीनचा उल्लेख आला. पालीवाल ब्राह्मणांनी त्या भागात काही शतकांपूर्वी रुजवलेली ही पद्धत आहे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल भागात लांबच लांब मातीच्या बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे, आणि पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तिथे दोनशेच्या आतबाहेर. सासूबाईंनी मला तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "आम्ही पाणी बाहेर ठेवायला बांध घालतो गो, आणि ते लोक आत ठेवायला. मला तो बांध बघायचा. किल्ला जमेल तेवढा बघीन." त्यांनी स्वतःहून काही मागितल्याची मला दुसरी आठवण नाही. बिकानेर राहून गेले.

पुढची आखणी दोन दिवसांत झाली. बिकानेरला जाणारी तीच गाडी जोधपूरवरून जाते, म्हणून जोधपूरला उतरून एक रात्र विश्रांती, दुसऱ्या दिवशी मोटारीने पाचेक तासांत जैसलमेर, आणि परतताना जोधपूरहून मुंबईमार्गे विमान. वाळूत राहण्यासाठी सम सोडून खुडी निवडले, कारण नाताळच्या आठवड्यात समच्या तंबूंमध्ये मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक चालतात असे दोन ओळखीच्या कुटुंबांनी सांगितले होते, आणि तो आवाज आम्हाला घरबसल्याही ऐकू येतो. डिसेंबरमध्ये तिथे रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. आमच्या घरात एकच जाड रजई असल्याने तिघांसाठी लोकरीचे कपडे विकत घ्यावे लागले. किल्ल्यावर सासूबाईंना रिक्षाने वरच्या चौकापर्यंत नेता आले. तिथल्या जैन मंदिरांचे कोरीवकाम त्यांनी पायरीवर बसून, मान वर करून, बराच वेळ पाहिले. पटव्यांच्या हवेलीच्या जिन्यांना मात्र त्यांनी बाहेरूनच नमस्कार केला.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही कुलधरा या पालीवालांच्या ओस पडलेल्या गावाकडे निघालो. वाटेत चालकाने गाडी मुख्य रस्त्यावरून आत घेतली. समोर माणसाच्या उंचीचा मातीचा बांध, आणि त्याच्या आतल्या बाजूला, सभोवती सगळे करडे असताना, हरभऱ्याचे हिरवे शेत. वरची माती सुकून तिला बोटभर रुंद भेगा पडल्या होत्या. सासूबाईंनी हातातली काठी एका भेगेत रोवली आणि बाहेर काढली, तेव्हा टोकाला काळसर, ओली माती चिकटून आली. त्यांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती गार होती. शेतात निंदणी करणारे एक वयस्क गृहस्थ हे पाहत जवळ आले. चालक त्यांचे बोलणे हिंदीत सांगत होता. यंदा पाणी बांधाच्या कितव्या दगडापर्यंत चढले होते हे त्यांनी हाताने दाखवले, आणि तुमच्याकडे बांध कसला, असे विचारले. सासूबाईंनी काठीने जमिनीवर नदी काढली, बांध काढला, आणि मग मानशीची दोन दारे कशी मिटतात ते आपले दोन्ही तळवे एकमेकांवर टेकवून त्यांना दाखवू लागल्या.