पोरं, फणस आणि तिथीची पाऊणपट : गुहागरचा एक आठवडा

मे महिन्यात कोकणात जातोय म्हटलं की ऑफिसात दोनच प्रश्न येतात. "एवढ्या उकाड्यात?" आणि "आंबे आणशील ना?" पहिल्याला उत्तर नाही, कारण उकाडा आहेच, दुपारी बारा ते चार माणूस नुसता निथळतो. पण पोरांच्या सुट्ट्या तेव्हाच, आंबे तेव्हाच, नणंदेलाही रजा तेव्हाच मिळते, मग दुसरं कधी जाणार?

नवऱ्याचे काका-काकू गुहागरला खालच्या पाटात (म्हणजे गावाच्या एका भागात) राहतात. गुहागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही अंगाला घरं, घरामागे नारळ-पोफळीची वाडी, आणि रस्त्याच्या एका बाजूची वाडी संपली की सुरूची झाडं आणि थेट समुद्र. म्हणजे मागचं दार उघडलं की पाच मिनिटांत पाय वाळूत. हे ऐकायला फार छान वाटतं, पण चार पोरं असली (आमची दोन, नणंदेची दोन, सगळ्यात धाकटा तीन वर्षांचा) की त्या मागच्या दाराला कडी घालणं हे एक पूर्णवेळ काम होतं.

बुद्ध पौर्णिमा झाली आणि निघालो. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस. मांडवीत सतत खायला काहीतरी येत असतं त्यामुळे पोरं गप्प असतात, निदान तोंड भरलेलं असेपर्यंत. रोहा गेलं की कोकण रेल्वे सुरू होते आणि मग बोगदे. करंजाडी आणि दिवाणखवटीच्या मधे नातूवाडीचा बोगदा लागतो, चार किलोमीटरहून जास्त लांब, आणि आमच्या दोघांनी ठरवलेलं की बोगदा संपेपर्यंत एका दमात ओरडायचं. जमलं नाही, पण डब्यातल्या बाकीच्यांना ते प्रयत्न पुरले. चिपळूणला उतरून पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर गाडी, घाटवळणं, धाकट्याची उलटी, ओटीवर काकू तांब्या घेऊन उभ्या. असो, पोचलो.

नवऱ्याने मोबाइलवर यादी करून आणली होती, कुठल्या दिवशी काय बघायचं. काकांनी यादी ऐकून घेतली आणि विचारलं, "तिथी कुठली?" आम्ही एकमेकांकडे बघतोय. मग त्यांनी ओटीवर बसल्या बसल्या मोठीला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. म्हणजे आज द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, तर दीडच्या सुमाराला पूर्ण भरती, मग सहा तासांनी ओहोटी. उद्या तृतीया, सव्वादोन. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा जोर कमी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण पोरांना समुद्रावर न्यायचं की नाही एवढं ठरवायला भरपूर. मोठी चौथीत गेलीय, शाळेत पाऊणकीच्या नावाने रडते, इथे मात्र दोन दिवसांत नवमीपर्यंतची भरती पाठ.

त्या पाऊणपटीने यादीचा पार बोऱ्या वाजवला. हेदवीची बामणघळ बघायची तर भरती हवी आणि जोर हवा, म्हणजे पौर्णिमा जवळ असतानाच, म्हणजे लगेच, आणि तेही भर दुपारी. गेलो. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळाला एक चिंचोळी घळ आहे, भरतीचं पाणी आत घुसतं, पुढे जागा नसते म्हणून वर उडतं. पावसाळ्यात ते भयंकर असतं म्हणतात, मे महिन्यात बेताचंच. दोन लाटा चांगल्या आल्या, आम्ही ओरडलो, तिसरीची वाट बघत बसलो तर पोरांच्या चपलेतून कातळ भाजायला लागला. पोरांना घळीपेक्षा डबक्यातले खेकडे आवडले. मला विचाराल तर लहान मूल बरोबर असताना त्या कडेला जाऊच नये, लांबूनच बघावं, हात घट्ट धरून. वरच्या दशभुज गणपतीला मात्र सावली होती, पांढरीशुभ्र मूर्ती, आणि देवाचे हात खरंच दहा आहेत का ते मोजण्यात पोरांची पंधरा मिनिटं शांततेत गेली. आई लोकांना पंधरा मिनिटं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पहिले काही दिवस संध्याकाळी पाणी उतरत असायचं, त्यामुळे वाळूच वाळू, किल्ले, खंदक, त्यात भांडणं. काकांचा नियम एकच, ओहोटीला पाण्यात उतरायचं नाही, पाणी आत ओढतं. वाळूत काय हवं ते करा. मग जसजशी भरती पुढे सरकली तसतशी संध्याकाळची वाळू आखडत गेली आणि आम्ही सकाळी साडेसहाला जायला लागलो. शाळेच्या दिवसांत जी पोरं सातला ढकलूनही उठत नाहीत ती सहाला दाराशी हजर. हे कसं होतं ते मला कळलेलं नाही.

सप्तमीला संध्याकाळी नुसतं बघायला गेलो तर एक मोठी पांढरी गाडी, बाहेरगावची, ओल्या वाळूत उतरलेली. सेल्फी वगैरे झाले असणार. चाक रुतलं. सव्वापाचची भरती, आम्हाला माहीत, त्यांना नाही! मोठी मोठ्याने म्हणाली, "आई, अजून अर्धा तास पाणी वर येणार," आणि त्या गाडीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी सगळ्यांनी ढकललं, मग चाकाखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, तोवर मागच्या चाकांना लाटा लागल्या, शेवटी गावातून ट्रॅक्टर आला आणि दोर लावून ओढून काढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पूर्ण आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात आवडतं प्रेक्षणीय स्थळ हेच, हेदवी नाही की व्याडेश्वर नाही. पण मला त्या लोकांची दया कमी आणि राग जास्त आला. लिहिलेलं असतं, गावातले सांगतात, तरी किनाऱ्यावर गाड्या घालायच्याच. तिथे पोरं खेळत असतात हो.

दुपारी बाहेर जाणं शक्य नाही, मग काकूंच्या हाताखाली भरती. माळ्यावर आढी घातलेली, भाताच्या पेंढ्यात आंबे ओळीने, वर पुन्हा पेंढा. रोज दुपारी पोरांनी आढी चाळायची. दाबून बघायचं नाही, डाग पडतो, देठापाशी नाक न्यायचं, वास आला तर बाहेर काढायचा नाहीतर होता तसा परत. चार नाकं पेंढ्यात आणि वरून काकूंचा आवाज, "अरे हुंगा रे, चाटू नका!" काढलेले आंबे पाण्यात टाकायचे आणि खायच्या आधी देठ मोडून चीक पिळून टाकायचा, नाहीतर तोंडाला उततं. भाच्याने घाई केली आणि ओठाच्या कडेला बरोबर आंब्याच्या आकाराचा डाग घेऊन हिंडला. एरवी रातांबे फोडून बरणीत साखरेबरोबर उन्हात ठेवायचे हेही काम होतं, त्यात हात, फ्रॉक, ओटीची भिंत सगळं लाल. आणि दोन वाजता वीज जायची. पंखा थांबला की चारही पोरं एकदम जागी होतात, हे एक निसर्गाचं कोडंच आहे. मग माजघरातल्या गार जमिनीवर उघडी पडून पत्ते, भिकार-सावकार, आणि तीन वर्षांच्याने राजा चावून टाकल्यावर तोही डाव बंद.

मधे एक दिवस धोपाव्याला गेलो, फेरीबोटीसाठी. वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडे दाभोळ, गाड्या, बाइक, माणसं सगळी एकाच बोटीत. पुढची फळी खडखडत धक्क्यावर टेकते आणि गाड्या एकेक करून आत चढतात, ते बघायला धाकटा कठड्याला असा चिकटला की काढता काढता नाकी नऊ. दाभोळला चंडिकादेवीची गुहा आहे, आदिलशाही काळातली अंडा मशीद आहे, एके काळी केवढं मोठं बंदर होतं, हे सगळं मी गाडीत सांगत होते. कोणी ऐकलं नाही. मशीद बाहेरून बघितली, लिंबू सरबत प्यायलो, आणि पोरांच्या आग्रहाखातर परत बोटीत बसून इकडे, मग पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. तिकीट काढणारा हसायला लागला, "वहिनी, पासच काढा."

गोपाळगड राहिला, अंजनवेलचं दीपगृह राहिलं, वेळणेश्वर गाडीतूनच. नवऱ्याला जरा हळहळ वाटली, मला अजिबात नाही.

निघताना काकांचं नेहमीचं, "फणस न्या." आंब्याच्या दोन पेट्या, कोकमाची बाटली, तांदळाचं पीठ, आंब्याची साठं, ओले कपडे, चार पिशव्या शिंपले, आणि वर अख्खा कापा फणस? "काका, ट्रेनमध्ये कसा नेणार हो तुम्हीच सांगा." ते म्हणाले, "अगं मांडीवर." शेवटी तडजोड म्हणून आदल्या रात्री तेल लावून फोडला, सगळ्यांच्या हाताला चीक, गरे स्टीलच्या मोठ्या डब्यात आणि आठळ्या वेगळ्या पिशवीत. चिपळूणला गाडीत चढलो आणि डबा उघडायच्या आधीच समोरच्या आजी म्हणाल्या, "कापा ना?" मग काय, त्यांना दिले, त्यांच्या नातवाला दिले, वरच्या बर्थवरचा कॉलेजचा मुलगा नको नको म्हणत सहा खाऊन गेला. पनवेल यायच्या आत डबा साफ.