तुम्ही विचारलंत म्हणून: यूपीआयचं बिल कोण भरतं?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, गावी जाताना एसटीत शेजारच्या सीटवर, एकच प्रश्न मला सगळीकडे भेटतो. "तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना? मग सांगा, यूपीआयला पैसे लागणार का? आणि लागले तर ते बरोबर आहे का?" मी पुण्यात पंधरा वर्षं प्रोग्रामिंग करते. त्यातली सहा वर्षं बँकांच्या पेमेंट सिस्टिमवर गेली, म्हणून लोक मला धरतात. माझं मत पक्कं आहे. मोठ्या दुकानांना थोडे पैसे लागायला हवेत. तुम्हाआम्हाला, हातगाडीला, टपरीला कधीही लागू नयेत. असं का म्हणते ते सांगायला मात्र थोडं आत शिरावं लागेल.

आमच्या घराजवळच्या मंडईत एक मावशी पालेभाजी विकतात. फळकुटाला सुतळीनं बांधलेला क्यूआर कोड, भाजीवर पाणी मारताना तो भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि बाजूला पैसे आले की बोलणारा डबा. मागच्या पावसाळ्यात मी त्यांना १४० रुपये भरले. माझ्या खात्यातून गेले, मेसेजही आला, पण डबा गप्प. मागे चार गिऱ्हाईकं खोळंबलेली. मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचे गेले असतील हो, पण माझे आले न्हाईत." मी रोख दिले आणि निघाले. वाटेत त्यांचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं, कारण आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली होती.

तुम्ही पिन टाकता तेव्हा निरोप तुमच्या ॲपकडून त्या ॲपच्या बँकेकडे जातो आणि तिथून एनपीसीआयच्या स्विचकडे, म्हणजे बँकाबँकांत निरोप वळवणाऱ्या यंत्रणेकडे. एनपीसीआय म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांनी मिळून २००८ मध्ये ती उभी केली, आणि नफा वाटून घेणं हा तिचा उद्देश नाही. स्विच आधी समोरचा पत्ता कुठल्या खात्याचा ते विचारून घेतो. मग तुमच्या बँकेला सांगतो, पिन तपास आणि पैसे काढ. काढले असं कळलं की समोरच्या बँकेला सांगतो, जमा कर. मग सगळा प्रवास उलटा. हे दोन-तीन सेकंदांत उरकतं.

आता समजा 'जमा कर' हा निरोप गेला आणि उत्तरच आलं नाही. पैसे जमा झाले आणि उत्तर वाटेत हरवलं, की जमाच झाले नाहीत? स्विचच्या बाजूनं दोन्ही शांतता सारख्याच. निरोप पुन्हा पाठवला तर मावशींना २८० मिळू शकतात, न पाठवला तर कदाचित काहीच नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर बँकेच्या यंत्रानं पैसे न हलवता आधीचं उत्तर परत द्यायचं. कागदावर हा नियम चार ओळींचा आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार, हप्ते आणि किराणा एकदम अंगावर आलेले असताना तो एकदाही न मोडता पाळणं, हेच आमचं काम.

अशाच एका एक तारखेला रात्री अडीचला मला फोन आला. बँकेचं नाव सांगत नाही. दिवसअखेरचं काम लांबलं होतं, मुख्य सिस्टिम उत्तरं द्यायला मिनिट-मिनिट लावत होती, आणि काही हजार व्यवहार 'कापले, पण पुढचं कळेना' अशा अवस्थेत लटकले होते. आम्ही तिघं सकाळपर्यंत एका बाजूला स्विचची फाइल आणि दुसऱ्या बाजूला बँकेची फाइल उघडून नोंदी जुळवत बसलो. त्यात एक नोंद बारा रुपयांची होती. वेळ रात्री एक वाजून छप्पन मिनिटं. कुणीतरी कुठल्यातरी स्टँडवर चहा घेतला असणार. तिच्या खालचीच नोंद ऐंशी हजारांची होती. दोघींना सारखाच वेळ लागला. हा मुद्दा मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते. यंत्राला बारा रुपये आणि ऐंशी हजार यांत फरक नसतो. खात्यात नोंद तेवढीच, मेसेजचा खर्च तेवढाच, चुकलं तर जुळवायला माणूस तेवढाच.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही चाचणीसाठी वेगळे सर्व्हर आणि टीममध्ये आणखी एक माणूस मागितला. उत्तर आलं की यूपीआयवर उत्पन्न नाही, तेव्हा बजेटही नाही. मला राग आला होता, पण सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य आहे. एमडीआर म्हणजे दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून कापला जाणारा छोटा हिस्सा, जो बँका आणि नेटवर्क वाटून घेतात. तो गेला, काम मात्र वाढतच गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं तेव्हा त्यात २१ बँका होत्या. २०२४-२५ या एका वर्षात त्यावर सुमारे १८,५८७ कोटी व्यवहार झाले.

सरकार काहीच देत नाही असं नाही. २०२४-२५ च्या योजनेत छोट्या दुकानदारांना केलेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर बँकांना ०.१५ टक्के प्रोत्साहन होतं आणि त्याचा अंदाज १,५०० कोटींचा होता. वर्षभरातल्या सगळ्या व्यवहारांवर ही रक्कम पसरली, तर एकाच्या वाट्याला आठ पैसे येतात. त्या योजनेतली एक अट मला मनापासून आवडली. रकमेतला काही भाग बँकेची सिस्टिम ९९.५ टक्क्यांहून जास्त वेळ चालू राहिली तरच मिळणार होता. महिन्याला साडेतीन तासांपेक्षा थोडं जास्त बंद राहिलात की तो भाग गेला. चालू ठेवण्याला किंमत आहे, हे कुणीतरी लिहून दिलं. पण १ एप्रिल २०२४ ला सुरू झालेल्या त्या वर्षाची योजना मंत्रिमंडळानं मंजूर केली १९ मार्च २०२५ ला, वर्ष संपायला बारा दिवस असताना. सर्व्हर दिवाळीच्या गर्दीआधी घ्यावे लागतात. मार्चअखेर कळलेल्या रकमेवर मागच्या ऑक्टोबरची खरेदी कोण करेल?

१२ एप्रिल २०२५ चा शनिवार आठवतोय का? दुपारी देशभर पेमेंट अडकत होती. त्याचं कारण नंतर पुढे आलं ते असं: काही बँका जुन्या व्यवहारांची स्थिती स्विचला सतत विचारत होत्या, 'झालं का, झालं का', आणि त्या विचारण्याच्या ओझ्याखाली नवे व्यवहार दबले. त्यावर नियम आले, की पहिली चौकशी दीड मिनिटानंतर, आणि तीही मोजक्या वेळा. १ ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला पन्नासदाच शिल्लक बघता येईल असंही ठरलं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना कळतं आणि तरी सगळे करतात. स्विचला विचारणं फुकट असलं की त्यावर विचार करायला कुणी बसत नाही. लूप लिहायचा, उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं, पुढच्या कामाला लागायचं. वार्षिक मूल्यमापनात नवीन काय केलंत हे विचारतात. 'वर्षभर काही बंद पडू दिलं नाही' हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना नसतो. माझ्या टीममधला एक मुलगा जुना कोड साफ करण्यात निष्णात होता. दोन वर्षं बढती नाही मिळाली, तेव्हा तो नव्या फीचरच्या टीमकडे निघून गेला. मी त्याला अडवलं नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मावशी आजही पैसे भरतातच. तो बोलणारा डबा फुकट नाही, त्याचं भाडं दरमहा त्यांच्या खात्यातून जातं. आणि ॲपवाल्यांना पेमेंटमधून मिळकत नाही, म्हणून ते ती दुसरीकडे शोधतात. पैसे पाठवायला ॲप उघडलं की आधी कर्ज, मग विमा, मग सोनं, आणि त्या गर्दीत 'पैसे पाठवा'चं बटण. व्यवहारांचा सुमारे ८० टक्के भाग फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवरून जातो. एकाकडे ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको, हे एनपीसीआयनं २०२० मध्येच ठरवलं. त्याची मुदत सरकत सरकत आता ३१ डिसेंबर २०२६ वर गेली आहे. तिसऱ्या-चौथ्या ॲपनं या धंद्यात यायचं तरी कशाच्या बळावर? ज्याच्यामागे वर्षानुवर्षं तोटा सोसणारी मोठी कंपनी आहे तोच टिकतो. शून्य दरानं छोट्यांचं रक्षण होतं असं आपण समजतो. त्यानं बाजारात मोठ्यांनाच एकटं सोडलंय, असं मला दिसतं.

तरीही माणसानं माणसाला पैसे पाठवण्यावर एक पैसा लागू नये, यावर मी ठाम आहे, आणि त्याचं कारण आमच्या घरात आहे. आम्ही राजापूरकडचे. बाबा मुंबईला कारखान्यात, आणि घर मनीऑर्डरवर. दहा तारखेच्या सुमारास पोस्टमन खळ्यात सायकल लावून पडवीत बसायचा, आजी सही करायची, तो नोटा मोजून द्यायचा. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. बाबा लिहायचे, 'पावसाआधी कौलं चाळून घ्या. पोरीची फी यातूनच.' दर वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडायचं. तीनशे रुपयांवर पंधरा. ते पंधरा रुपये आजी दर महिन्याला मोठ्यानं मोजायची, आणि त्यात काय काय आलं असतं तेही सांगायची. आज माझी आई पुण्यातून पाठवलेले पैसे मिनिटभरात बघते आणि त्यातला रुपयाही वाटेत गळत नाही. मी ज्या यंत्रणेवर काम केलं तिचा मला यासाठी अभिमान आहे. म्हणूनच ती उपाशी ठेवलेली मला बघवत नाही.

राजापुरात माझ्या दादाचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझं मत ऐकून तो चिडला. "सिमेंटच्या गोणीवर सुटतं किती तुला माहीत आहे? चाळीस हजारांच्या बिलावर तू ०.३ टक्के लावलेस तरी एकशेवीस रुपये गेले. मी गिऱ्हाइकाला सांगणार, रोख आण." त्याचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. सरसकट टक्केवारी लावली तर लोक रोखीकडे वळतील, ते त्याचं खरं आहे. पण रस्ता आपल्याकडे आधीच आखलेला आहे. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४ टक्के आणि त्यावरच्यांना ०.९ टक्के अशी रचना केली, आणि वर एका व्यवहाराला अनुक्रमे २०० आणि १,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. यूपीआयला याहून खूप खालचा दर, वरची मर्यादा त्याहून कडक, आणि छोट्या दुकानाला शून्य, असं का होऊ नये? ब्राझीलमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात यूपीआयसारखंच पिक्स सुरू झालं. ते तिथली मध्यवर्ती बँकच चालवते. माणसांना ते फुकट आहे, धंद्यांकडून बँका शुल्क घेऊ शकतात, आणि लोकांनी ते सोडून दिलेलं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सगळा खर्च सरकारनंच उचलावा. रस्त्यासारखी सार्वजनिक सोय म्हणून तोही मला मान्य आहे, पण मग आकडा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा आणि पाच वर्षांसाठी बांधून द्या. अर्थ मंत्रालयानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या जूनमध्ये शुल्काची बातमी फेटाळली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की खर्च आहे आणि तो कुणाला तरी द्यावाच लागतो. या दोन वाक्यांच्या मध्ये आमच्या रात्री जातात. दादानं शेवटी एवढं कबूल केलं की वीस लाखांची रेघ असेल आणि बिलामागे दहा-वीस रुपयांच्या वर काही कापणार नसतील, तर तो क्यूआर कोड काढणार नाही. रोख घेतली तर सुट्ट्या पैशांसाठी रोज सकाळी बँकेत माणूस पाठवायचा, त्याचा हिशेब त्यानं स्वतःच केला.

माझे १४० रुपये तिसऱ्या दिवशी परत आले. मी मावशींना सांगायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं की असं रोज एक-दोनदा होतं, गिऱ्हाईक माझ्याशीच भांडतं, मी काय सांगू? मी त्यांना रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "मग ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या." मी खोक्याचा पुठ्ठा कापला आणि मार्करनं लिहिलं: 'पैसे कापले पण इथे आवाज झाला नाही, तर ५ दिवसांत तुमच्या खात्यात परत येतात. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची.' तो पुठ्ठा आता क्यूआर कोडच्या खाली, त्याच पिशवीत आहे.