स्टॅक बंद करताना ऑक्सिजन आधी संपला पाहिजे

फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवा यांपासून वीज बनवणारा सेल, किती टिकेल हे तो चालत असताना फारसं ठरत नाही. एकसारखा लोड, ओलसर मेंब्रेन (दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा) आणि दोन्ही बाजूंना पुरेसा वायू मिळाला, की इलेक्ट्रोड बराच काळ निमूट काम करतात. मोठी झीज होते ती सुरू होताना आणि बंद होताना, म्हणजे स्टॅक (अनेक सेलांची एकत्र रचलेली चळत) कुणाच्याही उपयोगाची वीज देत नसतो तेव्हा. मी अशा स्टॅकच्या कंट्रोलरसाठी सुरू-बंदचे क्रम लिहिते. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कंप्रेसर कधी फिरवायचा, लोड कधी जोडायचा, हे माझं काम. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, रसायनशास्त्र कामावर शिकले. आता मात्र या काही सेकंदांइतकं मला दुसऱ्या कशातच गुंतायला होत नाही.

मी बोलते आहे ते पीईएम प्रकाराबद्दल, म्हणजे ज्याची मेंब्रेन प्रोटॉन पार जाऊ देते. अ‍ॅनोडवर, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन मेंब्रेनमधून आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून कॅथोडवर, म्हणजे हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, पोचतात, आणि तिथे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी होतं. दोन्ही इलेक्ट्रोड म्हणजे कार्बनच्या बारीक भुकटीवर बसवलेले काही नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे कण. सगळ्यांचं लक्ष प्लॅटिनमकडे असतं, कारण ते महाग. मला जास्त काळजी वाटते ती कार्बनची. पाण्याच्या सान्निध्यात कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला ०.२०७ व्होल्ट पुरेत, असं थर्मोडायनॅमिक्स सांगतं. म्हणजे कॅथोडचा कार्बन रोजच्या कामातच झपाट्याने संपायला हवा होता. तो टिकतो, कारण एक व्होल्टच्या खाली ही अभिक्रिया अतिशय मंद चालते. सगळा कारभार या मंदपणाच्या भरवशावर आहे, आणि पोटेन्शियल, म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत मोजलेलं त्या एका इलेक्ट्रोडचं व्होल्टेज, १.२ व्होल्टच्या वर गेलं की तो भरवसा उरत नाही.

पण सेल तर लोड नसतानाही जेमतेम एक व्होल्टच्या आसपास असतो. मग त्याच्या आत दीड व्होल्ट येतात कुठून? याचं उत्तर २००५ साली कार्ल रायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. ते समजून घेतल्यापासून माझी सुरू-बंदकडे बघण्याची नजरच बदलली.

बराच वेळ बंद राहिलेल्या स्टॅकमध्ये हवा झिरपते आणि दोन्ही बाजूंना हवाच होते. आता सुरू करायला अ‍ॅनोडमध्ये हायड्रोजन सोडला. तो एका टोकाकडून हवेला पुढे ढकलत निघतो. त्या क्षणी एकाच अ‍ॅनोडच्या अर्ध्या भागात हायड्रोजन आहे आणि अर्ध्या भागात हवा. हायड्रोजन पोचलेला भाग नेहमीच्या सेलसारखा वागतो आणि त्याच्यावर साधारण ०.८५ व्होल्ट येतात. इलेक्ट्रोडला टेकलेली प्लेट तर वीज उत्तम वाहून नेणारी. त्यामुळे तेच ०.८५ व्होल्ट उरलेल्या भागावरही लादले जातात. तिथे अ‍ॅनोडवर ऑक्सिजन आहे, म्हणून तो अ‍ॅनोड आधीच वरच्या पोटेन्शियलला बसलेला असतो. त्याच्यावर ०.८५ चढले की समोरचा कॅथोड १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत जातो. तिथला प्रवाह उलटा होतो. कॅथोडचा कार्बन आणि पाणी यांचं ऑक्सिडेशन होऊन प्रोटॉन सुटतात, ते अ‍ॅनोडकडे जातात आणि तिथल्या ऑक्सिजनला भेटून पाणी बनतात. सेलचा एक अर्धा भाग स्वतः तयार केलेल्या विजेने दुसऱ्या अर्ध्या भागाचा कॅथोड खाऊन टाकतो.

आणि यातलं काहीही मीटरवर दिसत नाही! सेल व्होल्टेज मॉनिटर निवांत ०.८५ दाखवत राहतो. मी सुरुवातीला याच आकड्यावर विसंबून क्रम लिहू पाहत होते, तेव्हा आमच्या इलेक्ट्रोकेमिस्ट बाई म्हणाल्या, "व्होल्टेज म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला फरक गं. दोघंही वर गेले तर तुझ्या मीटरला काय कळणार?" हे बघायचं तर प्रयोगाच्या सेलमध्ये संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याचं पोटेन्शियल ठरलेलं असतं असा तिसरा इलेक्ट्रोड) बसवावा लागतो, किंवा कॅथोडच्या बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. त्या विश्लेषकाच्या पडद्यावर, हायड्रोजन सोडताक्षणी वर उठणारा छोटासा उंचवटा म्हणजे इलेक्ट्रोडचा गेलेला कार्बन. तो पाहिल्यावर कुठलाही व्हॉल्व्ह सहज उघडावासा वाटत नाही.

बंद करतानाही हेच घडू शकतं. हायड्रोजन थांबवून अ‍ॅनोडमध्ये हवा येऊ दिली, की हायड्रोजन आणि हवा यांची तशीच सीमारेषा पुन्हा अ‍ॅनोडमधून सरकते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे वेग. हायड्रोजन आणि हवा यांची सीमारेषा सेलमध्ये जितका कमी वेळ राहील तितकं नुकसान कमी. म्हणून सुरू करताना हायड्रोजनचा पहिला झोत जोरात सोडतात. पण वेगाला मर्यादा आहे. शेकडो सेल असलेल्या स्टॅकमध्ये सगळ्यांना एकाच क्षणी हायड्रोजन पोचत नाही, शेवटचे सेल मागे राहतात. त्यामुळे माझा जोर दुसऱ्या उपायावर असतो. ती सीमारेषा तयारच होऊ द्यायची नाही, आणि त्याची तयारी करायची ती आदल्या वेळी बंद करताना.

क्रम असा. मुख्य लोड काढायचा, पण स्टॅक मोकळा सोडायचा नाही, एक लहान रेझिस्टर जोडलेला ठेवायचा. कंप्रेसर थांबवायचा आणि कॅथोडचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे. हायड्रोजन मात्र चालू, किंचित जास्त दाबाने. रेझिस्टरमधून प्रवाह वाहतो तसा कॅथोडमध्ये अडकलेला ऑक्सिजन संपत जातो, व्होल्टेज उतरत शून्याजवळ येतं, आणि मागे उरतो मुख्यतः नायट्रोजन. मेंब्रेनमधून थोडा हायड्रोजनही पलीकडे जातो आणि राहिलासाहिला ऑक्सिजन संपवतो. आता दोन्ही इलेक्ट्रोड हायड्रोजनच्या पोटेन्शियलला, म्हणजे शून्याजवळ. कार्बनला यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

ऑक्सिजन आधी संपला पाहिजे हा आग्रह का, तेही सांगते. रेझिस्टर जोडलेला असताना एखाद्या सेलचा ऑक्सिजन इतरांच्या आधी संपला, तर बाकीचे सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतात. तो सेल नुसता हायड्रोजन इकडून तिकडे पंप करतो आणि त्याचं व्होल्टेज शून्याच्या जरासं खाली जातं. फारसं बिघडत नाही. पण एखाद्या सेलचा हायड्रोजन आधी संपला, तर प्रवाह चालू ठेवायला त्याचा अ‍ॅनोड पाणी फोडू लागतो आणि सोबत स्वतःचा कार्बनही देतो. त्या सेलचं व्होल्टेज उणे एक किंवा त्याच्याही खाली कोसळतं. पडद्यावर दोन्ही रेघा खालीच येतात, म्हणून नवखा माणूस दोन्हीला एकच समजतो. माझ्या क्रमात एखादा सेल ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उणे गेला, की रेझिस्टर ताबडतोब सुटतो. ही एक ओळ मी कुणालाही, कुठल्याही कारणासाठी काढू देत नाही.

पुढची सुरुवात मग सोपी असते. अ‍ॅनोडमध्ये हायड्रोजन आहेच. त्यात ताजा हायड्रोजन भरायचा, साचलेला नायट्रोजन पर्ज करायचा, म्हणजे बाहेर काढायचा, आणि त्यानंतरच कंप्रेसर. हवा आली की व्होल्टेज झपकन वर चढतं, आणि लोड नसताना वरच बसून राहतं. ते चांगलं नाही. ०.८ व्होल्टच्या आसपास आणि वर प्लॅटिनमवर ऑक्साइड चढतो, आणि पोटेन्शियल वरखाली होत राहिलं की प्लॅटिनम विरघळतं. बारीक कण आणखी बारीक होऊन नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात, काम करणारा पृष्ठभाग घटतो. शिवाय मोकळ्या व्होल्टेजला मेंब्रेनमध्ये तयार होणारी पेरॉक्साइडं तिला कुरतडतात. म्हणून हवा आली की लगेच थोडा तरी लोड.

झीज कुठली झाली हे पोलरायझेशन वक्र, म्हणजे प्रवाह वाढवत नेला की व्होल्टेज कसं उतरतं त्याची रेघ, वाचून बरंचसं कळतं. कमी प्रवाहालाच वक्र खाली आला तर संशय प्लॅटिनमवर. मधल्या भागाचा उतार वाढला तर मेंब्रेन कोरडी किंवा जोड सैल. जास्त प्रवाहाला शेवट कोसळत असेल तर कार्बन गेला. कार्बन गेला की इलेक्ट्रोडची छिद्रं बुजतात, उरलेला कार्बन पाणी धरून ठेवतो आणि ऑक्सिजनला आत जायला वाट राहत नाही. वाईट रीतीने सुरू-बंद झालेला स्टॅक इथेच ओळखू येतो. नवीन कार्बनची परीक्षा घ्यायला अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठरवलेली चाचणीसुद्धा १.० ते १.५ व्होल्टमध्ये ५,००० वेळा वरखाली करण्याची आहे. म्हणजे सुरू-बंदचीच नक्कल, फक्त घाईने. ग्राफाइटसारखा केलेला कार्बन या चाचणीत जास्त टिकतो. काही जण इलेक्ट्रोडमध्ये इरिडियम ऑक्साइड मिसळतात, म्हणजे पोटेन्शियल चढलंच तर कार्बनऐवजी पाणी फुटेल. दोन्ही उपाय मला पटतात, पण साहित्य चांगलं आहे म्हणून क्रम ढिला ठेवणं पटत नाही.

एक सुखद गोष्टही आहे. नीट बंद केलेला स्टॅक पुन्हा सुरू केला की बंद करण्याआधीपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देतो. कॅथोड शून्याजवळ उतरल्यावर प्लॅटिनमवरचा ऑक्साइड निघून जातो आणि चिकटलेले काही सल्फेटही सुटतात. म्हणून झीज मोजायची तर सलग चाचणीच्या शेवटच्या आकड्यावरून निकाल देऊ नये. बंद करून, पुन्हा सुरू करून, मग मोजावं. अर्थात हे फुकट नाही. ऑक्साइड उतरवणं आणि पुन्हा चढवणं यात थोडं प्लॅटिनम दर वेळी जातंच. म्हणून केवळ ताजंतवानं करायला स्टॅक वारंवार बंद करावा, असं मी कधीच सुचवणार नाही.

गोठणाऱ्या थंडीचा प्रश्न वेगळा. तिथे बंद करताना कोरड्या हवेने पाणी हाकलावं लागतं, नाहीतर छिद्रांत बर्फ होतो. किती हाकलायचं हे साधारण एक किलोहर्ट्झला मोजलेल्या रोधावरून ठरवतात. तो वाढू लागला की मेंब्रेन कोरडी पडते आहे. फार कोरडी झाली तर पुढची सुरुवात अडखळते.

सगळ्यात अवघड भाग स्टॅक नुसता उभा असतानाचा. भरलेला हायड्रोजन हळूहळू वापरला जातो, स्टॅक गार होऊन वाफेचं पाणी होतं, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि सीलमधून हवा ओढली जाते. मधूनमधून थोडा हायड्रोजन भरत राहिलं तर संरक्षण टिकतं, पण इंधन जातं आणि देखरेखीला बॅटरी लागते. काही तासांसाठी ते परवडतं, कित्येक दिवसांसाठी नाही. म्हणून माझा कंट्रोलर दोन वेगळे आकडे जपून ठेवतो. हायड्रोजन आत असताना झालेल्या सुरुवाती आणि दोन्ही बाजूंना हवा असताना झालेल्या सुरुवाती. वापरलेला स्टॅक तपासायला आला की चाललेले तास मी नंतर बघते, आधी हा दुसरा आकडा मागते. स्टॅक विकणाऱ्यांनी हमी तासांत न देता या आकड्यात द्यावी, असं मी प्रत्येक बैठकीत मांडते आणि मांडत राहणार आहे.