राजहंसगडावरचा संधिप्रकाश आणि माझा शेडर

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या घरी बसून मी शेडर, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, लिहून पृथ्वीसारख्या ग्रहाचे वातावरण संगणकावर उभे करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा अंतरानुसार दाट होत जाणारा पांढुरका थर पुरेल असे मला वाटत होते. परंतु अवकाशातून पाहताना ग्रहाच्या कडेला निळी किनार उमटायला हवी आणि जमिनीवरून पाहताना क्षितिज फिकट दिसायला हवे. ही दोन्ही कामे एका थराने होत नाहीत.

म्हणून डोळ्यापासून निघणाऱ्या प्रत्येक किरणावर ठरावीक अंतराने थांबून तिथे हवा किती, सूर्यप्रकाश किती पोचला आणि त्यातला किती आपल्याकडे वळला, याची बेरीज करणे भाग पडले. हवेची घनता दर 8 किलोमीटर उंचीला सुमारे 2.7 पटींनी घटते, आणि 440 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे विकिरण 680 नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा जवळपास पावणेसहा पट होते. एवढ्यावर दुपारचे आकाश जमले. मावळता सूर्यही जमला, कारण क्षितिजावर प्रकाशाची हवेतली वाट सुमारे 38 पट लांबते. नुसत्या हवेचा विचार केला तरी निळा जवळजवळ संपतो आणि तांबड्याचा सहावा हिस्सा तेवढा उरतो.

अडले ते सूर्यास्तानंतर. पडद्यावर माथ्यावरचे आकाश मळकट पिवळे दिसत होते. चार दिवस मी तेच तेच गुणांक तपासत बसलो. शेवटी उघडीप मिळताच येळ्ळूरचा राजहंसगड चढलो आणि सूर्य गेल्यावर तासभर तटावर थांबलो. पश्चिमेच्या डोंगररांगेवर तांबूस पट्टा होता आणि डोक्यावर शाईसारखा गडद निळा रंग होता. माझ्या हिशेबात ओझोन नव्हता. साधारण 25 किलोमीटर उंचीवर दाट असणारा हा वायू हिरवा आणि तांबडा प्रकाश शोषतो, निळ्याला मात्र जवळजवळ हात लावत नाही. संधिप्रकाशातील निळाई त्याच्यामुळे आहे, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हल्बर्ट यांनी 1953 मध्येच दाखवले होते. शेडरमध्ये मोजक्या ओळी वाढवल्या आणि तो निळा रंग उतरला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जमिनीलगतचे धुके मात्र कॅमेरा वितभर हलवला तरी थरथरत असे. ग्रहाच्या केंद्रापासून मोजलेल्या 63 लाख 60 हजार मीटरवर 32 बिटांच्या दशांश संख्येची पायरी, म्हणजे लागोपाठच्या दोन संख्यांमधले अंतर, अर्ध्या मीटरची होते, हे त्याचे कारण होते. सगळी अंतरे कॅमेऱ्यापासून मोजू लागताच थरथर थांबली.

मग मी जांबोटीला मामांकडे गेलो. लॅपटॉपवरचे दृश्य पाहून ते म्हणाले, “धुकं असं सगळीकडं सारखं नसतंय रे. ओढ्यात बसतंय, माळावर विरळ असतंय.” त्यानंतर कॅमेऱ्यासमोरची जागा मी 160×90×64 चौकटींत विभागली आणि जमिनीच्या उंचसखलपणानुसार प्रत्येक चौकटीत वेगळी घनता भरली. धुक्याचे थेंब बहुतेक प्रकाश पुढच्या दिशेला ढकलतात, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती घाटात दिसते तशी प्रभा आपोआप उमटली.

मामांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. “आता खरं वाटतंय,” ते म्हणाले, “पण ऊन पडलं की हे वर उठतंय, ते दाखीव.” सध्या मी त्यावर काम करत आहे.