एकाचा ओ, एकाचा बी

जुलैत खानापूरच्या आमच्या ओपीडीत ओल्या छत्र्या टेकवायलाही जागा उरत नाही. त्या दिवशी जांबोटीकडून एक सासू-सून दोन बाळं घेऊन आल्या. जुळे मुलगे, साडेचार महिन्यांचे. थोरला आजीच्या मांडीवर पंख्याकडे बघत पडला होता. धाकटा बेंबीच्या देठापासून रडत होता.

"जल्मल्यापासनं असंच बगा," आजी म्हणाल्या. "दृष्ट काढली, घुटी दिली. एकाच पोटातली पोरं, दूध एकच. मग ह्योच का रडतोय वो? हिचंच कायतरी चुकतंय."

सून खाली मान घालून बसली होती. आधी दाखवलेल्या एका दवाखान्यात 'आईचं दूध बाधतंय' म्हणून डब्याचं दूध लिहून दिलं होतं. दहा दिवस झाले, रडणं तसूभरही कमी नव्हतं.

असं बाळ आलं की मी ते आजारी आहे असं धरूनच तपासतो. कान, घसा, पोट, हर्निया, अगदी पायाच्या बोटाला गुंडाळला गेलेला एखादा केससुद्धा. काही सापडलं नाही. वजन थोरल्याचं ६ किलो, धाकट्याचं ६ किलो १०० ग्रॅम. आईचं दूध अंगी लागत होतं.

धाकटा शांत झाल्यावर दोघांना शेजारी निजवलं आणि स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. थोरल्यानं मान वळवली आणि हसला. धाकट्यानं हातपाय झाडले, पाठीची कमान केली आणि टाहो फोडला. थोड्या वेळानं रंगीत फडकं हलवलं, तरी तेच. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञानं हार्वर्डमध्ये चार महिन्यांच्या बाळांना अशीच हलती खेळणी दाखवली होती, अनोळखी आवाज ऐकवले होते. पाचांतलं साधारण एक बाळ असं बिथरायचं. त्यांतली बरीच पुढं नव्या माणसाला बुजणारी निघाली, पण सगळी नाहीत.

मग ताई कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड, आणि सोबतचे जुने कागद चाळले. पहिल्या आठवड्यात दोघांना कावीळ झाली होती, तेव्हा रक्तगट तपासलेला. थोरला ओ, धाकटा बी. एका बीजाच्या जुळ्यांचा रक्तगट एकच असतो. मला हवं होतं ते हातात आलं.

"आजी, ही जुळी असली तरी एका बीजाची नाहीत. दोन वेगळी बीजं एकाच वेळी रुजली. वारशानं ही दोघं साध्या सख्ख्या भावांइतकीच सारखी." रक्तगटाचा आणि रडण्याचा संबंध नाही, हेही दोनदा बजावलं. नाहीतर बी गटाची सगळी पोरं रडकी, असं गावभर झालं असतं.

एका बीजाची जुळी स्वभावानं जितकी सारखी निघतात, तितकी दोन बीजांची निघत नाहीत. अशा तुलनांवरून मुलामुलांच्या स्वभावातल्या फरकाचा २० ते ६० टक्के वाटा अनुवंशाचा धरतात. रडकेपणाचं असं एक जनुक नसतं. पुष्कळ जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. बाकीचं घर, माणसं, अनुभव घडवतात. हे मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, कारण पोर रडलं की आईला धारेवर धरायचं, हे मला बघवत नाही.

"मग हिच्या म्हायेरचंच आलं म्हणा की," आजी म्हणाल्या.

"निम्मं तुमच्या लेकाकडनं आलंय."

त्या बराच वेळ धाकट्याकडे बघत राहिल्या.

डबा बंद करून अंगावरच पाजायला सांगितलं. त्याच्याजवळ टीव्ही नको, दहा जणांनी घ्यायला नको, नवं काही दाखवायचं तर आईच्या कडेवरून आणि सावकाश. सून पहिल्यांदाच बोलली. घरात थोरल्याला आधी पाजायची रीत पडली होती; धाकटा रडून रडून दमल्यावर त्याची पाळी यायची, आणि मग तो नीट ओढायचाही नाही.

"ह्याला आधी घेतलं तर चालतंय?" तिनं विचारलं, मला नाही, सासूला.

आजींनी थोरल्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि पाऊस दाखवायला व्हरांड्यात गेल्या. सुनेनं धाकट्याला पदराआड घेतलं.