प्रवेशाची रांग वेगळी, पैशांची वेगळी

२०१९ च्या मार्चमध्ये मला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं पीएचडीचं ऑफर लेटर आलं. विषय ग्लोबल हेल्थ. आईने देवापुढे साखर ठेवली, मी स्टेटस ठेवलं. रात्री पत्र नीट वाचायला बसले तेव्हा दुसऱ्या पानावर फी दिसली: वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर, राहणं-खाणं निराळं. आमची काजूची बाग आणि बाबांचा पीएफ एकत्र केला असता तरी दुसरं वर्ष उजाडलं नसतं. प्रवेशाची रांग वेगळी आणि पैशांची वेगळी, हे मला तेव्हा कळलं. मी वर्षभर एकाच रांगेत उभी होते.

मी मूळची नर्स. बीएस्सी नर्सिंगनंतर सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम केलं, मग मुंबईत 'टिस'मधून, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, सोशल एपिडेमिऑलॉजीत (आजारांमागची सामाजिक कारणं) एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. डोक्यातला विषय मात्र वॉर्डातलाच राहिला: सर्पदंश. पावसाळ्यात रात्री कुणाला आणलं की आम्ही कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ठेवायचो. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती आडवी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं. आमच्याकडे बहुतेक वेळा फुरसंच. त्या वीस मिनिटांत रजिस्टर भरून व्हायचं. एका रकान्यात चावल्याची वेळ, दुसऱ्यात दाखल झाल्याची. एका रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून मी मागची पानं उलटत दोन्ही वेळांची वजाबाकी करत बसले. कुणाचे दोन तास, कुणाचे सात, एका बाईचे एकोणीस. तिचं गाव रिक्षाने पाऊण तासावर. मधले अठरा तास कुठे गेले?

गंमत म्हणजे माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, यातलं काहीच नव्हतं. 'दक्षिण आशियातील सर्पदंशाचा भार' असं भारदस्त शीर्षक, चार देश, आणि सुरुवातीला सगळेच लिहितात ते: भारतात वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश. ज्यांना मी हे पाठवत होते त्यांना ते पाठ होतं. चार देशांत फिरायला पैसे कोण देणार, हे मलाच माहीत नव्हतं.

पैशांच्या रांगेत उभी राहिले तेव्हा पहिले सहा महिने 'आपण कशाला पात्र नाही' हे शोधण्यातच गेले. अमेरिकेत जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपचा फॉर्म अर्धा भरल्यावर लक्षात आलं की ती भारतात आधीच पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी आहे. ब्रिटनच्या कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, तिथे आपल्या शिक्षण मंत्रालयाकडून नामांकन लागतं. त्या यादीत माझं नाव आलं नाही. जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्ज मिळालं असतं कदाचित. १८९२ पासून चालू असलेली ही योजना, आणि तिच्या पहिल्या दोन मानकऱ्यांपैकी एक डॉ. कृष्णाबाई केळवकर, कोल्हापूरला नाव काढलेल्या. मन भरून आलं, पण कर्ज ते कर्ज, आणि त्यात इंग्लंडचं एक वर्षही निघत नव्हतं.

टिसमधला माझा एक मित्र राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी धडपडत होता. राज्य सरकारकडून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना तेव्हा पूर्ण फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं मिळायचं, म्हणजे खरोखर उत्तम योजना. पण तिला क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीतला क्रमांक लागतो, आणि एकाच शाखेला वाहिलेल्या संस्था त्या एकूण यादीत नसतातच. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन तिथे नाही, स्टॉकहोमची करोलिन्स्का नाही. आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या दोन नावांना क्रमांकच नाही! त्याने शेवटी मोठ्या विद्यापीठातला सार्वजनिक आरोग्य विभाग निवडला. तुम्ही अशा योजनेतून जाणार असाल तर संस्था ठरवण्याआधी यादी बघा, नंतर नको.

नॉर्वे-स्वीडनचा रस्ता मला उशिरा कळला. तिथे पीएचडी म्हणजे सरळ नोकरी. जाहिरात निघते, पगार मिळतो, फी नाही. मी दोन ठिकाणी अर्ज केले, एकीकडे मुलाखतीपर्यंत गेले. पण तिथे बहुधा विषय प्रकल्पाचा असतो. माझी मुलाखत आफ्रिकेतल्या बाळंतपणाच्या सेवांवर होती. जागा मिळाली नाही. वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी जरा हलकंही वाटलं, हे कबूल करते.

मग कोविड. ग्रामीण रुग्णालयात परत रुजू झाले, दीड वर्ष कसलाच फॉर्म नाही. तेवढ्यात माझ्या आयईएलटीएसची, इंग्रजीच्या परीक्षेची, दोन वर्षांची मुदत संपली. पुन्हा पैसे, पुन्हा परीक्षा. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, विद्यापीठात तीन खेपा घातल्या, शेवटी सीलबंद पाकीट टपालाने घरी आलं आणि बाबांनी ते उघडलं. "माका वाटला लायटीचा बिल इला." सील तुटलं की पाकीट बाद. चौथी खेप.

२०२१ मध्ये मी पद्धत बदलली. आधीच्या खेपेला प्राध्यापकांना पाठवलेल्या मेल परवा पुन्हा वाचल्या. 'आदरणीय सर, मी अत्यंत कष्टाळू आणि प्रामाणिक विद्यार्थिनी आहे' अशी सुरुवात, खाली दोन पानं. एक्केचाळीस मेल, सहा उत्तरं, सहाही नकार. या वेळी फक्त नऊ जणांना लिहिलं, प्रत्येकाचे दोन तरी शोधनिबंध वाचून. मेल आठ ओळींची. वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घेऊन रजिस्टरमधल्या वजाबाकीचा छोटा तक्ता जोडला, नावं न देता, आणि विचारलं: हे तास कुठे जातात ते मला शोधायचंय, तुम्ही गाइड व्हाल का? जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातून चार दिवसांत उत्तर आलं. त्यात कौतुक नव्हतं, प्रश्न होते. चावल्याची वेळ कोण सांगतं, रुग्ण की नातेवाईक? दाखल न झालेल्यांचं काय? अशा पाच-सहा मेलींनंतर त्यांनी संमतीचं पत्र दिलं.

ते पत्र म्हणजे डाडच्या (DAAD), जर्मन सरकारच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेच्या शिष्यवृत्तीची किल्ली. गाइडचं संमतीपत्र, प्रपोजल, कामाचं वेळापत्रक, शिफारसपत्र, आणि शेवटच्या पदवीला सहा वर्षांहून जास्त झालेली नसावीत. हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तेव्हा सत्राला १,५०० युरो फी होती, पण पीएचडीवाल्यांना माफ. हे शोधून काढलं त्या दिवशी मी घरात नाचले होते.

मुलाखत ऑनलाइन झाली. आमच्याकडे लाइट जाईल म्हणून मी कुडाळला मैत्रिणीच्या घरी बसले होते. एका परीक्षकांनी विचारलं, लोकांना सर्पदंशाबद्दल विचारणार कसं? मी म्हटलं, तो शब्द वापरणारच नाही. आमच्याकडे 'साप चावला' असं घरात कुणी बोलत नाही, 'पान लागलं' म्हणतात. रजिस्टरमध्ये मात्र 'अननोन बाइट' लिहिलं जातं. प्रश्नावलीत सर्पदंश विचारला तर निम्म्या घरांतून 'नाही' येईल. माझ्या मते शिष्यवृत्ती मिळाली ती इथे, बाकीची वीस मिनिटं मी बऱ्यापैकी अडखळले होते.

२०२२ च्या ऑक्टोबरला मी हायडेलबर्गला पोचले. शिष्यवृत्ती तेव्हा महिना १,२०० युरो. गावात बातमी 'महिना लाख रुपये' अशी पसरली, ती खोटीही नाही. फक्त खोलीभाड्यातच तिसरा हिस्सा जायचा. वैद्यकीय विद्याशाखेत डॉक्टर नसलेल्यांना मिळणाऱ्या पदवीचं नाव 'डॉक्टर सायन्शियारुम ह्युमानारुम'. मावशी विचारते, म्हणजे आता इंजेक्शन देणार की नाही?

एक खर्च मात्र मी धरलाच नव्हता: वेळेचा. भारतात फील्डवर्क आणि परदेशी संस्थेचा सहभाग म्हटलं की तिथल्या एथिक्स कमिटीबरोबर (संशोधनात सहभागी लोकांचं हित जपलं जातं का ते पाहणारी समिती) आयसीएमआरमार्फत, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेमार्फत, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. वेळापत्रकात मी यासाठी दोन महिने लिहिले होते. नवीन अर्ज करणाऱ्यांनी निदान सहा तरी लिहावेत. शिष्यवृत्तीचं घड्याळ तेवढा वेळ थांबत नाही.

एथिक्स कमिटीचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. बाबांचा फोन: "पाकीट इला हा. उघडू काय?" उघडा म्हटलं. आत परवानगी नव्हती, तीन शंका होत्या. विमा, माहिती कुठे साठवणार, आणि तिसरी: मराठी संमतीपत्रकात 'सर्पदंश' हा प्रमाण शब्द न वापरता 'पान लागणे' का लिहिले आहे, खुलासा करावा. पहिल्या दोन शंकांना चार ओळी पुरल्या. तिसरीला दीड पान लिहिलं.