१/२४ मध्ये पोर्शे ९१७के आणि फेरारी ५१२एस: काम कुठवर आलं

या दोन रेसिंग गाड्यांची १/२४ मापाची (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी) प्लास्टिक किटची मॉडेलं बांधतो आहे. दोन्हींची इंजिनं आणि चासी (खालचा सांगाडा) तयार, बॉडी रंगावर आहेत. १९७० च्या या दोन हाडवैरी गाड्या एकत्र बांधायला घेतल्या तर वेळाचा हिशेब वेगवेगळा ठेवा. ९१७चा वेळ इंजिन खातं, ५१२चा लाल रंग.

आधी कॅलिपरने (मोजपट्टीचं अचूक साधन) मापं घ्या. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ९१७चा २३०० मि.मी., ५१२एसचा २४००. मॉडेलवर ते ९५.८ आणि १०० मि.मी. यायला हवेत. अर्ध्या मिलिमीटरची चूक खपते. त्यापुढे चाक कमानीच्या मध्यावर बसत नाही, म्हणून गोंद लावण्याआधी बॉडी टेपने अडकवून चारही कमानी तपासा.

९१७के: एअर-कूल्ड फ्लॅट-१२ (दोन्ही बाजूंना आडवे सहा-सहा सिलिंडर) इंजिन, माथ्यावर आडवा फॅन, दोन्ही बाजूंना सहा-सहा ट्रंपेट (हवा आत घेणारी नरसाळी). मागचं झाकण बसवल्यावरही हे सगळं वरून दिसतं, त्यामुळे इथे चालढकल चालत नाही. फॅन फायबरग्लासचा आहे, त्याला सिल्व्हर मारू नका. क्रँककेस मॅग्नेशियमची, म्हणून तिला अॅल्युमिनियमपेक्षा गडद, मॅट करडा द्या. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे २४ वायरी आणि दोन डिस्ट्रिब्युटर. ७ मि.मी.ची खरी वायर या मापात ०.३ मि.मी. होते. सहज मिळते म्हणून ०.५ची वापरली तर जुडगा इतका फुगतो की फॅनचं घर खाली टेकतच नाही. ०.३५च्या बिटने छिद्रं पाडायची ती इंजिन सुटं असतानाच.

कॉकपिटमध्ये गिअरची मूठ काळी रंगवू नका. मूळ गाडीत ती बाल्सा लाकडाची आहे (ग्रॅम-ग्रॅम वाचवण्याचं वेडच होतं ते). फ्रेम अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, नळ्यांत दाबाखाली गॅस. गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली आला की कुठेतरी तडा गेला, असं समजायचं.

५१२एसचं इंजिन वॉटर-कूल्ड, ६० अंशांचं व्ही-१२, ४९९३ सीसी. सिलिंडरला प्लग एकच, म्हणून वायरी १२. इथे लक्ष द्यायचं ते टबकडे, म्हणजे चालक बसतो त्या मधल्या सांगाड्याकडे. स्टीलच्या नळ्यांवर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट केलेले आहेत, तेव्हा पत्र्यांना सॅटिन अॅल्युमिनियम आणि रिव्हेटच्या ओळींवर अगदी पातळ काळा वॉश (खाचांत उतरणारा पाणचट रंग).

आता रंग. ९१७ गल्फ या तेल कंपनीच्या निळ्या-नारिंगीत करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण १९७० ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली ती हेरमान आणि अॅटवुड यांच्या २३ क्रमांकाच्या लाल-पांढऱ्या, पोर्शे साल्झबुर्ग संघाच्या गाडीने. तीच घेतली आहे. आधी पांढरा, त्यावर पट्ट्यांचं मास्किंग, टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचा हलका हात, मग गुलाबी अंडरकोट आणि शेवटी लाल. मधला हात चुकवला तर लाल टेपखाली झिरपतो. ५१२लाही गुलाबीच अंडरकोट. करड्या प्रायमरवर लाल मातकट दिसतो आणि झाकायला जाड थर मारले की पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या बारीक खाचा) बुजतात. किटचं प्लास्टिकच लाल असेल तर त्याचा रंग वर येऊन पांढरा गुलाबी करतो. त्यासाठी प्रायमरआधी सिल्व्हरचा एक थर.

लालवर पांढऱ्या गोलाचं डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) फिकट गुलाबी पडतं. गोल स्प्रेनेच काढावा, डिकॅल फक्त आकड्याचं लावावं. ५१२साठी क्रमांक निवडताना शेपूट बघा: ल मांला फॅक्टरीच्या ५ ते ८ क्रमांकांच्या गाड्या लांब शेपटीच्या होत्या, आखूड शेपटीवर ते आकडे खोटे ठरतात.

बाकी आहे क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक लॅकरचा थर. डिकॅल दोन दिवस वाळू द्यायचे, लॅकरचे पहिले दोन-तीन हात नुसते धुक्यासारखे, ओला हात त्यानंतर. घाई केली की डिकॅल सुरकुततं. पावसाळी हवेत लॅकर पांढुरकं पडतं, तेव्हा थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणं मंदावणारं द्रव्य) किंवा कोरड्या दिवसाची वाट. काचा सगळ्यात शेवटी, पांढऱ्या पीव्हीए गोंदाने. सुपरग्लूच्या वाफेने त्या धुरकट होतात.